पाहुण्यांसाठी मागितलेली फरशी

आंबळखेड्याच्या रुपचंद आबांना "कसं काय?" असं विचारलं की "झकास" याखेरीज दुसरं उत्तर कधी कोणाला मिळालं नाही. कपाशीला अळी लागली तर आबा दोंडाईच्याच्या बाजारात उभे राहून सांगत, "आमच्या शिवारातली बोंडं इतकी गोड, की अळीलासुद्धा सोडवत नाहीत." घराचं धाबं गळायला लागलं तर पाहुण्याला म्हणत, "या कोपऱ्यात बसा, इथं जरा गारवा आहे." ते खोटं बोलत असत असंही नाही. गावाला कमीपणा येईल असं वाक्य त्यांच्या घशातून वर येतच नसे. आलंच तर वाटेत कुठंतरी वळून स्तुती होऊन बाहेर पडे.

याचं मूळ त्यांच्या सोयरिकीत होतं. आबा ऐन विशीत असताना शिरपूरकडचे एक गृहस्थ त्यांना बघायला आले होते. महिना श्रावणाचा. गाव आणि दोंडाईच्याची वाट यांच्यामध्ये लेंडी नाला आडवा पडलेला. त्याच्या काठच्या काळ्या चिखलात त्या गृहस्थांचा डाव्या पायाचा जोडा रुतला तो निघेना. एका जोड्यानिशी ते आले, गूळपाणी घेतलं, मुलगा पाहिला, शेत पाहिलं आणि जाताना म्हणाले, "मुलात खोट नाही. पण ज्या गावाला येताना जोडा जातो, तिथून पोरगी माहेरी कशी यायची?"

रुपचंदनं दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत चिखलात उतरून तो जोडा शोधला, धुतला, तेल लावून मऊ केला आणि शिरपूरला धाडून दिला. जोडा पोचला, होकार काही आला नाही. त्यानंतर झुंबरबाईचे वडील आले ते भर वैशाखात. नाला ठणठणीत कोरडा. त्यांनी विचारलं, "हा एवढा खड्डा कसला?" तर रुपचंद म्हणाला, "तो आमचा नाही. दरखेडीचा आहे. इकडून जातो फक्त." लग्न झालं. झुंबरबाईला खड्ड्याचा खुलासा पुढं आषाढात झाला, पण तोवर माप ओलांडून झालं होतं.

तेव्हापासून आबांनी गावाविरुद्ध शब्द उच्चारला नाही. त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नात ज्येष्ठातच वळीव कोसळला आणि वऱ्हाड नाल्यात अडकलं. व्याही गुडघाभर चिखलात उभे. आबा काठावरून हात जोडून म्हणाले, "आमच्या गावची रीतच आहे. वऱ्हाडाचे पाय आधी नाला धुतो, मग आम्ही धुतो." व्याह्यांना हसावं की रडावं कळेना. मांडवात मात्र हीच गोष्ट त्यांनी चारचौघांना कौतुकानं सांगितली.

मग एकोणीसशे छत्तीस साल आलं. दिल्लीच्या सरकारनं खेड्यांच्या सुधारणेसाठी रक्कम काढल्याची बातमी आली. ती रक्कम दिल्लीहून निघाली तेव्हा हत्तीएवढी असेल, पण मुंबईत इलाख्याच्या वाटण्या, धुळ्यात जिल्ह्याच्या वाटण्या असं होत होत शिंदखेडे तालुक्याला पोचेपर्यंत तिची शेळी झाली होती. तालुका लोकल बोर्डानं दवंडी दिली, की प्रत्येक गावानं आपली एक निकडीची अडचण सांगायला एक माणूस शिंदखेड्याला धाडावा. बोर्ड सगळ्यांचं ऐकेल, निवड करेल आणि निवडलेली कामं मंजुरीसाठी धुळ्याला पाठवेल. आंबळखेडे, दरखेडी आणि आजूबाजूची खेडी मिळून या टापूत एकच काम व्हायचं होतं.

गाव मारुतीच्या पारावर जमलं. पोलीस पाटील अभिमन मधोमध बसले. कोणी म्हणालं गुरांना पाण्यासाठी हाळ बांधून घ्या, कोणी म्हणालं शाळेला पडवी मागा. भटू नावाचा तालेवार शेतकरी होता. त्याचे खिल्लारी बैल पंचक्रोशीत नावाजलेले. तो म्हणाला, "पोळाले मन्हा बैल सजाडतस आणि नालामा सगळा रंग धुवाई जास. फरशी पाहिजे." त्यावर कय्युम पिंजारी बोलला. तो गावोगाव फिरून गाद्या भरायचा. "मन्हा कापूस तीनदा भिजना," तो म्हणाला. "भिजेल कापूसनी गादी कोन लेस? फरशीच मांगा." बायका आडून बसल्या होत्या, त्यांच्यातून एकच सूर आला, की बाळंतीण अडली तर ती नाला ओलांडेपर्यंत थांबत नसते. नाल्यावर दगडी फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, मागायचं ठरलं.

आता मागायला कोणी जायचं? अभिमन पाटलांना साहेब दिसला की खोकला यायचा. भटूला राग लवकर यायचा. बोलण्यात आबांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. सगळ्यांच्या नजरा तिकडं वळल्या तेवढ्यात झुंबरबाई आडोशातून म्हणाली,

"ह्या माणूसले मांगानं काम देऊ नका. ह्या देईसन येतीन."

लोक हसले. आबा मात्र गंभीर झाले. गावानं विश्वासानं काम दिलं तर ते पार पाडीन, वेळ पडली तर बोर्डासमोर रडीनसुद्धा, असं त्यांनी मारुतीच्या साक्षीनं सांगितलं. मग तिथंच तालीम झाली. अभिमन पाटील बोर्डाचे अध्यक्ष झाले.

"आबा, तुम्हले जास्त काही बोलनं नही," पाटील म्हणाले. "फक्त येवढं सांगा, आम्हना भलता हाल व्हतस."

आबांनी घसा खाकरला. "आमचे," ते म्हणाले, आणि थांबले. पुन्हा खाकरले. "आमचे फार हाल होतात." गावानं सुटकेचा श्वास टाकला. "पण मजेत," आबांनी पुढं जोडलं.

परत सुरुवात केली. पुन्हा तेच. एकदा तर 'हाल' म्हणायच्या ठिकाणी त्यांच्या तोंडून 'थाट' बाहेर पडलं. शेवटी सोबत कय्युमला धाडायचं ठरलं. आबा घसरायला लागले की त्यानं दारातून खोकायचं.

शिंदखेड्याच्या कचेरीपुढं त्या दिवशी जत्रा भरली होती, पण अशी जत्रा कोणी पाहिली नसेल. एरवी चार गावची माणसं भेटली की आपापल्या जोंधळ्याची कणसं हातभर लांब करून सांगतात. आज जो तो आपलं गाव किती बुडालंय ते सांगत होता. दरखेडीचा छगन आपल्या सालदाराची फाटकी बंडी अंगात घालून आला होता. बंडी त्याला इतकी तोकडी होती की पोट अर्धं बाहेर. कानातली सोन्याची भिकबाळी काढायची मात्र तो विसरला होता. आणखी एका गावच्या माणसानं आठवडाभर दाढी केली नव्हती. अशा गर्दीत आबा उतरले ते लाल फेटा, काठाचं उपरणं आणि परीटघडीचा कोट घालून.

"आबा, आज तोंड जरासं रडकं ठेवज्यात," कय्युम कानाशी म्हणाला.

"रडाले काय झायं?" आबा म्हणाले. मग त्यांना आठवलं. "बरं, बरं. ठेवस."

आत लांब मेजामागं बोर्डाचे सभासद बसले होते. अध्यक्ष वकील होते. चष्मा कपाळावर चढवायचा आणि मग तोच शोधायचा ही त्यांची सवय. सकाळपासून दुःखं ऐकून त्यांचा चेहरा उतरला होता. छगनची पाळी आधी आली. त्यानं दरखेडीच्या पाण्याचं रडगाणं इतकं लावलं, की पाण्यापासून सुरुवात करून तो पटकी, दुष्काळ, टोळ आणि वाघ इथपर्यंत पोचला. अध्यक्षांनी चष्म्यातून त्याच्या कानाकडं पाहिलं. "गावानं थोडी वर्गणी, थोडं श्रमदान करायचं असा नियम आहे," ते म्हणाले. "दरखेडी काय देईल?"

"आम्ही काय देणार, रावसाहेब? आमच्याकडं अश्रू आहेत," छगन म्हणाला.

पुढचं नाव आंबळखेड्याचं निघालं. आबा उभे राहिले. समोर परक्या गावची पन्नास माणसं, खुर्च्यांवर मोठी माणसं, आणि सगळी आपल्याकडं बघतायत. मनात आबांनी वाक्य जुळवलं होतं. आमचे फार हाल होतात. साधं वाक्य, चार शब्दांचं. ते जिभेपर्यंत आलंही. पण तेवढ्यात त्यांना बाकावर छगन दिसला, कान टवकारून बसलेला, आणि वाक्य माघारी गेलं.

"गावाची अडचण सांगा," अध्यक्ष म्हणाले.

"अडचण तशी नाही," आबा म्हणाले.

दारात कय्युम खोकला.

"पिण्याच्या पाण्याचं कसं?"

"गोड आहे. उसाला लाज वाटेल."

"शाळा?"

"भरते. पोरं हुशार आहेत. मास्तरच कधी कधी मागं पडतात."

"रोगराई?"

"आमची हवा चांगली. आजारी पडायला माणसं दोंडाईच्याला जातात."

कय्युम आता इतका खोकत होता, की पट्टेवाल्यानं त्याला पाण्याचा तांब्या दिला. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर ढकलला. "अहो, मग आपण इथं आलात कशाला?"

आबांच्या कपाळावर घाम आला. नाल्याबद्दल बोलायचं तर आलंच, आणि वाईट बोलायचं नाही. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"आम्हाला आमच्यासाठी काही नको, रावसाहेब," ते म्हणाले. "पाहुण्यांसाठी पाहिजे. गावाजवळ एक नाला आहे. आम्हाला त्याचं काही नाही, आम्ही त्यातच वाढलो. पण आमच्या गावचा पाहुणचार नामी, त्यामुळं माणसं लांबून येतात. पावसाळ्यात ती पलीकडच्या काठावर उभी राहतात आणि इकडं भरीत-भाकरी गार होते. पाहुणा न जेवता परत जातो, याचा डाग गावावर नको. तेवढी एक फरशी बांधून द्या."

मेजाच्या टोकाला बसलेला एक सभासद आधी हसला. मग सगळे हसले. सकाळपासून पहिल्यांदाच त्या खोलीत कोणी हसलं होतं. अध्यक्षांनी हसत हसतच विचारलं, "आणि गावचा हिस्सा? नियमानं एक तृतीयांश तरी हवा."

आबांना तृतीयांश कमीपणाचा वाटला. "एवढंच?" ते म्हणाले. "अर्धं काम गाव करील. दगड आमचा, वाळू आमची, गाड्या आमच्या, अंगमेहनत आमची. सरकारनं फक्त चुना, पाथरवट आणि मिस्तरी द्यावा."

कय्युमचा खोकला थांबला. त्यानं पाण्याचा तांब्या स्वतःच्याच डोक्यावर ओतून घेतला.

परतीच्या वाटेवर आबा खुशीत होते. गावात शिरताच लोकांनी गाडीभोवती गराडा घातला.

"आबा, रडनात का?"

"रडायची वेळच आली नाही," आबा म्हणाले आणि घरात गेले. कय्युमला विचारलं तर तो म्हणाला, "माले काही विचारू नका. मी खोकी खोकीसन थकनू."

महिनाभरानं धुळ्याहून मंजुरी आली. टापूतलं एकमेव काम, आंबळखेड्याची फरशी. पारावर गूळ वाटला. गूळ तोंडात असतानाच अभिमन पाटलांनी हुकूम पुढं वाचला आणि अर्ध्या हिश्श्याची गोष्ट निघाली. भटूनं तोंडातला गूळ गिळला आणि उभा राहिला.

"तुम्हनी जीभ गावले गहाण टाकीसन उनी," तो म्हणाला. "येवढा दगड कोन वाही? तुम्हना शब्दवर फरशी बांधाई जाई का?"

कोणी हसलं नाही. सुगी जवळ आलेली, बैलांना उसंत नाही, आणि डोंगरीवरून दगड आणायचा म्हणजे खेळ नव्हे. एकेक जण उठून घरी गेला. आबा पारावर एकटेच राहिले. घरी आले तर झुंबरबाईनं भाकरी वाढली. ती काही बोलली नाही हेच आबांना जास्त लागलं.

"बोल की," आबा म्हणाले.

"काय बोलू? मी त्या दिनलेच बोलनू व्हतू," ती म्हणाली.

आबांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. गावाची मान वर राहावी म्हणून आपण आयुष्यभर बोललो, आणि आज गावच आपल्याशी बोलत नाही. धुळ्याला उलटं कळवावं का, की आमच्यानं होत नाही? तो विचार त्यांना इतका ओंगळ वाटला की ते ताट सारून उठलेच. पडल्या पडल्या मात्र त्यांना सुचलं. आपल्याला एकच काम येतं. मग तेच करावं.

पुढच्या बाजाराला आबा भल्या सकाळी दोंडाईच्यात पोचले. मिरचीच्या अडत्याकडं बसले, किराणेवाल्याकडं बसले, लोहाराकडं बसले. फरशीची गोष्ट निघाली की म्हणायचे, "मी कोण हो? खरी कमाल भटूची. त्यानं आपल्या खिल्लाऱ्यांनी दहा गाड्या दगड एकट्यानं ओढायचं कबूल केलंय. म्हणाला, माझे बैल असताना दुसऱ्याचे कशाला?" अभिमन पाटलांनी सगळी वाळू अंगावर घेतल्याचं त्यांनी लोहाराला सांगितलं. आणि कय्युमनं मिस्तऱ्याला झोपायला नवी गादी भरून द्यायचं ठरवलंय, हे कापसाच्या व्यापाऱ्याला सांगितलं.

दुपारी भटू बाजारात आला. अडत्यानं उठून त्याला आपल्या गादीवर बसवलं. "भटूभाऊ, दहा गाड्या? शाब्बास. बैल असावेत तर असे," तो म्हणाला. चार माणसं वळून बघायला लागली. भटूचा चेहरा आधी लाल झाला, मग त्याला कळलं की हा डाव कोणाचा. नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलं. पण नाही म्हणायचं म्हणजे बैलांना जमत नाही म्हणायचं.

"दहा काय, बारा व्हतीन," तो म्हणाला आणि सरळ उठून घरी आला. वाटेत आबांची गाडी दिसली तरी त्यानं मान वळवली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र डोंगरीच्या वाटेवर खिल्लाऱ्यांच्या घुंगरांचा आवाज आला. भटू दगड वाहतोय म्हटल्यावर त्याच्या भावकीला घरी बसवेना. पाटलांनी खोकत खोकत वाळूच्या गाड्या जुंपल्या. कय्युम आबांच्या दारात येऊन एवढंच म्हणाला, "आबा, उशी बी सांगी टाकी व्हती का?"

"उशी नव्हती सांगितली," आबा प्रामाणिकपणानं म्हणाले.

"मंग ती मन्हाकडथून," कय्युम म्हणाला.

सुगी उरकल्यावर ओव्हरसियर माप घ्यायला आला. धुळ्याचा, तरुण, खाकी टोपीवाला. नाला कोरडा होता. त्याला काही खुणा सापडेनात, म्हणून त्यानं जमलेल्यांना विचारलं, "पूर किती चढतो? त्यावर फरशीची उंची धरायची आहे."

सगळे आबांकडं बघायला लागले. सवयीनं आबांनी छाती पुढं काढली. "नाला आमचा गुणाचा आहे," ते म्हणाले. "घोट्याच्या वर सहसा येत नाही. फार तर गुडघा."

ओव्हरसियरनं काठी गुडघ्याला लावली आणि तेवढ्यावर खूण केली. भटू तोंड उघडणार होता, पाटलांनी त्याचा हात धरला. कारण झुंबरबाई पुढं आली होती. डोक्यावर पाटी, पाटीत दगड. ती आबांसमोर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "सासूबाईना दिन तो किती व्हता?"

आबांच्या छातीतली हवा गेली. आबा वाळूतून चालत काठावरच्या जुन्या बाभळीपाशी गेले आणि हात वर करून तिच्या दुबेळक्यावर ठेवला. त्यांच्या डोक्यापेक्षा ते वर होतं.

"इथपर्यंत," ते म्हणाले. "भाद्रपद होता. आई तापात होती. दोंडाईच्याचे वैद्य त्या काठाला आले होते. संध्याकाळपर्यंत थांबले बिचारे. मी इकडून ओरडून तिची नाडी सांगत होतो, त्यांना पाण्याच्या आवाजात ऐकू येत नव्हतं." मग ते म्हणाले, "लोकांना मी सांगितलं, तिला औषधाची गरजच पडली नाही."

गावाला हे ठाऊक होतं. पण आबांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. आबा बाभळीची साल नखानं खरडत राहिले. ओव्हरसियरनं टोपी काढून पुन्हा घातली, जुनी खूण पुसली, बाभळीपासून दोरी धरून नवीन माप घेतलं.

"पुराच्या वर जाणार नाही फरशी, तेवढी रक्कम नाही," तो म्हणाला. "पण चांगली उंच धरू, खाली मोऱ्या मोठ्या ठेवू. पूर आला तरी पाणी तासाभरात उतरेल, माणूस अडून राहणार नाही. मात्र दगड दीडपट लागेल."

भटूनं कपाळाला हात लावला. आबांनी नाक शिंकरलं, उपरणं झटकलं आणि ओव्हरसियरकडं वळले. "लागेल तर लागेल," ते म्हणाले. "आंबळखेड्याला दगडाची काय कमी?"

या वेळी भटू पहिला हसला.

फरशी पावसाळ्याआधी झाली. चुना मळायच्या घाणीला भटूचेच बैल होते. मिस्तरी कय्युमच्या गादीवर इतका सुखानं झोपायचा की काम दोन दिवस लांबलं. उद्‌घाटनाला अध्यक्ष आले, भरीत-भाकरी जेवले आणि भाषणात म्हणाले की एवढ्या अगत्याच्या गावाला फरशी दिल्याचं सार्थक झालं. ही बातमी पंचक्रोशीत गेली आणि तिचा परिणाम झुंबरबाईला भोगावा लागला. पूर्वी पावसाळ्याचे चार महिने तिला पाहुण्यांची सुट्टी असायची. आता भर आषाढात शिरपूरचे, नंदुरबारचे, कधी न पाहिलेले नातलग कोरड्या पायांनी दारात येऊन उभे राहत. "फरशी आमच्यासाठीच बांधली म्हणे," म्हणत. जात्याला उसंत नव्हती. आबा मात्र प्रत्येकाला फरशीपर्यंत घेऊन जात आणि मोऱ्या मोजून दाखवत.

पुढच्या वर्षी बोर्डानं पुन्हा बोलावलं. या खेपेला छगननं ठरवलं की रडण्यात अर्थ नाही. आंबळखेड्याला बढाई मारून मिळतं तर दरखेडीनं काय घोडं मारलंय? तो नवा फेटा बांधून गेला. अडचण विचारल्यावर म्हणाला, "अडचण नाही. पाणी गोड, हवा उत्तम." पुढं काय बोलायचं ते त्यानं ठरवलं नव्हतं. अध्यक्षांना आनंद झाला. त्यांनी 'काम नको' असं टिपलं आणि पुढचं गाव बोलावलं.

दरखेडीच्या बायका खरोखरच दरीतल्या झऱ्यावरून पाणी आणत. त्यांनी छगनला घरात घेतलं नाही असं म्हणतात. छगन संध्याकाळी आबांच्या ओट्यावर येऊन बसला. बराच वेळ जोड्याची वाळू झटकत राहिला. मग म्हणाला, "आबा, तुम्ही बोला आम्हनाकडथून."

"मी? तुम्हना गावना वतीनं?" आबा म्हणाले. झुंबरबाई आतून काहीतरी सांगायला आली होती, पण तोवर आबांनी फेटा उचलला होता.

यादी धुळ्याला जायच्या आधी आबा, छगन आणि कय्युम शिंदखेड्याला गेले. अध्यक्षांनी आबांना ओळखलं आणि हसून म्हणाले, "आता काय, पाहुण्यांसाठी धर्मशाळा?"

"नाही रावसाहेब. दरखेडीसाठी आलोय," आबा म्हणाले, आणि त्यांची जीभ अशी सुटली की ती आयुष्यभर याच दिवसाची वाट पाहत असावी. दरखेडीच्या झऱ्याचं पाणी म्हशी डोळे मिटून पितात. तिकडं मुलगी द्यायची तर आंबळखेड्याचे लोक आंदणात आधी घागर आणि चुंबळ देतात. तिथल्या माणसानं आंघोळ केली की तो आधीपेक्षा मळका दिसतो. एक अडखळा नाही, एक खाकरणं नाही. कय्युमला खोकायचं कारणच पडलं नाही. छगन मात्र बाकावर चुळबुळत होता. "इतकंही काही वाईट नाही," असं म्हणत तो उठायला लागला तेव्हा कय्युमनं त्याच्या मांडीला असा चिमटा काढला, की तो कळवळून खाली बसला. त्याचा चेहरा पाहून अध्यक्षांना उरलासुरला पुरावा मिळाला. दरखेडीची विहीर मंजुरीसाठी गेली.

गाडी परत निघाली. छगन गाडीच्या मागच्या टोकाला पाठ करून बसला होता. फरशी ओलांडल्यावर तो म्हणाला, "आबा, म्हशी डोया मिटीसन पेतस, हाई सांगानी काय गरज व्हती?"

"इहीर भेटनी का नही?" आबांनी विचारलं.

"भेटनी," छगन कष्टानं म्हणाला. दरखेडीच्या फाट्यावर तो गाडीतून उतरला.

विहिरीला पाणी लागलं तेव्हा छगननं पहिली घागर आपल्या डोक्यावर आंबळखेड्याला आणली आणि आबांच्या ओट्यावर ठेवली. आबांनी तांब्या भरून घेतला, घटाघटा प्यायले, मिशा पुसल्या. छगन त्यांच्या तोंडाकडं बघत होता.

"आम्हना पानीनी सर नही," आबा म्हणाले. "पन बरं शे."

आणि तांब्या पुन्हा पुढं केला.